बंगळूरहून काशीची वाट

आमच्या घरी काशीयात्रेचा बेत ठरला की आजोबा भिंतीवरचा रेल्वेचा नकाशा खाली उतरवत आणि बोटानं वाट दाखवत. आम्हा बंगळूरच्या मराठी माणसांची उत्तरेची वाट महाराष्ट्रातूनच जाते, हे मी त्या नकाशावर शिकले.

1 ऑगस्ट 1864 रोजी बंगळूरच्या कॅन्टोन्मेंट स्टेशनातून जोलारपेटची गाडी सुरू झाली. पुढे 1870 मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयागपर्यंत रूळ जुळले आणि 1871 मध्ये रायचूरला मद्रास रेल्वे व मुंबईकडची जीआयपी रेल्वे एकमेकींना मिळाल्या. मग इथला यात्रेकरू जोलारपेट, अरक्कोणम, गुंतकल, रायचूर, सोलापूर, पुणे, कल्याण, भुसावळ, जबलपूर असा प्रचंड वळसा घेत, पण रुळांवरूनच, प्रयागला पोचू शकला. प्रवासवर्णनकार विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेला निघाले ते 1857 मध्ये. पायपीट, रस्त्यांवरची लूटमार, बंडाची धामधूम हे सगळं त्यांनी सोसलं. त्यानंतर अवघ्या 14 वर्षांत ही सोय झाली, याचं मला आजही नवल वाटतं. काशीत गंगेवरचा रेल्वेपूल मात्र 1887 मध्ये झाला.

आज कर्नाटक एक्सप्रेस सोलापूर, दौंड, मनमाड, भुसावळ करत झाशी, ग्वाल्हेर, आग्र्यावरून दिल्ली गाठते. लहानपणी दौंडच्या फलाटावर मावशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन उभी असायची.

कर्नाटक एक्सप्रेसनं काशीला जायचं तर इटारसीला गाडी बदला. आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं. सोबत वडीलधारी माणसं असतील, तर दोन गाड्यांमध्ये चांगले चार-पाच तास ठेवा.