कातळावरचा गेंडा

गुहागरच्या उत्तरेला, अंजनवेलपाशी, वाशिष्ठी समुद्राला मिळते. याच नदीत वर चिपळूणच्या अंगाला मगरी उन्हं खात पडलेल्या दिसतात. मगरींचा असाच एक मुलूख ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आहे, काकाडू नावाचा. तिथे उबिर्रच्या खडकावर थायलासिन या पट्टेरी प्राण्याचे चित्र आहे. तो प्राणी त्या भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला. चित्र तेवढे राहिले.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब कोण जाणार? नकोच जायला. आपल्याच जिल्ह्यातले सडे पाहा. कशेळीच्या जांभ्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. इतर सड्यांवर मासे आहेत, वाघ आहेत आणि गेंडाही आहे! आज कोकणात गेंडा कुठला? तेव्हा कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढचे कोकण निराळेच असले पाहिजे.

काकाडूत चित्रांची गोष्ट सांगणारे वंशज आहेत. आपल्याकडे गोष्ट हरवली, दगड उरला. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे ही ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली खरी; पण चिऱ्यासाठी सडा एकदा कापला, की रेघ गेली ती गेलीच.

म्हणून गुरुजी, मुलांना सड्यावर न्या. रेघ दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका, खडू भरू नका. मोजा, कागदावर उतरवा आणि ग्रामपंचायतीला कळवा.