भित्रे म्हणून मोकळं होण्याआधी

प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. निदान सत्यजित राय यांचा १९७७ सालचा चित्रपट तरी पाहिला असेल. लखनौचे दोन जहागीरदार, मिर्झा आणि मीर. राज्य बुडतंय आणि हे दोघं गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत बुद्धिबळ खेळत बसलेत. आपण पटकन म्हणतो, भित्रे होते झालं!

पण कथेचा शेवट बघा. कंपनीची फौज समोरून गेली तरी जागचे न हललेले हे दोघं एका चालीवरून भांडतात, एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार करतात, तलवारी उपसतात आणि दोघंही तिथंच मरून पडतात. मरणाला भिणारी माणसं अशी मरत नाहीत. म्हणजे शौर्य होतं, ते राज्यासाठी उरलं नव्हतं. असं का व्हावं?

त्यासाठी आपल्याला कथेच्या मागे जावं लागतं. १८०१ साली वेलस्लीने तह करून अवधचा जवळजवळ निम्मा मुलूख घेतला, नवाबाची फौज कमी करायला लावली आणि संरक्षण कंपनीकडे घेतलं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे वसईचा तह झाला. तैनाती फौजेचं तंत्र तेच. जिथं पंचावन्न वर्षं लढण्याचं कामच दुसऱ्याकडे दिलेलं आहे, तिथं सरदाराच्या कमरेची तलवार केवळ खानदानी अब्रूपुरती उरते. फेब्रुवारी १८५६मध्ये अवध खालसा झालं तेव्हा वाजिद अली शाहांनी शस्त्र उचललं नाही, हे खरं. पण आऊट्रमने पुढे केलेल्या तहावर त्यांनी सहीही केली नाही. हा भ्याडपणा की धैर्य? एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आणि लखनौ भित्र्यांचं शहर म्हणावं, तर १८५७ आडवं येतं. बेगम हजरत महल यांनी मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवलं. तालुकदार, शिपाई, शेतकरी उभे राहिले आणि मार्च १८५८पर्यंत शहर लढत राहिलं. माणसं त्याच मातीतली. फरक एवढाच, की आता राज्य वाचवणं हे आपलं काम आहे असं त्यांना वाटलं.

प्रेमचंदांनी ही कथा १९२४ साली लिहिली. असहकाराच्या हाकेनंतर १९२१मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली होती. पुढच्याच वर्षी आंदोलन मागे घेतलं गेलं. त्यामुळे ही कथा त्यांनी आपल्या काळातल्या वाचकाकडे बघूनही लिहिली, असं आम्हाला वाटतं.

दुसऱ्या बाजीरावाला ‘पळपुटा’ म्हटलं की आपलं समाधान होतं. पण त्या शब्दापाशी थांबलो, तर तैनाती फौज नजरेआड होते आणि एका माणसाचा स्वभाव तेवढा दिसत राहतो. कोण भ्यालं, हे आपण जरूर विचारू. पण त्याच्या हातातून लढण्याचं काम कधी आणि कुणी काढून घेतलं, आणि त्याने ते का देऊन टाकलं, हेही विचारायला हवं.