पार्किंग नेमकं कोणाचं? दहिसरचा एक खटला

फ्लॅट बघायला गेलं की सेल्सवाला सहज बोलून जातो, "पार्किंग मिळेल सर, त्याचे वेगळे द्यावे लागतील." आपण मान डोलावतो. नेमकं काय विकत घेतोय, हे विचारतच नाही. अशाच पार्किंगचा वाद दहिसरहून थेट सुप्रीम कोर्टात गेला होता.

१९६३ मध्ये महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीचा कायदा आला, तो 'मोफा'. बिल्डरने लेखी करार करायचा, तो नोंदवायचा. पण त्यातल्या 'फ्लॅट'च्या व्याख्येत एक शब्द होता, गॅरेज. आणि गॅरेज म्हणजे काय, हे कुठेच लिहिलं नव्हतं. (कोड लिहिणाऱ्यांना माहितीये, व्याख्या सैल ठेवली की बग तिथूनच शिरतो.)

दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीत बिल्डर म्हणाला, इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा माझी. स्टिल्ट म्हणजे गॅरेज, गॅरेज म्हणजे फ्लॅट, मग विकायला काय हरकत? फ्लॅट घेणाऱ्यांकडून त्याने तसं लिहूनही घेतलं होतं. आपल्यापैकी किती जण असे कागद वाचून सही करतात?

सिटी सिव्हिल कोर्टात तो हरला, हायकोर्टातही हरला. ३१ ऑगस्ट २०१० ला सुप्रीम कोर्टात न्या. लोढा आणि न्या. पटनाईक यांनीही नाही म्हटलं. कारण मला फार आवडतं: फ्लॅट घेणारा साधा माणूस 'गॅरेज' म्हणजे काय समजेल? खांबांमधली मोकळी जागा तर नक्कीच नाही. ती कॉमन एरिया, बिल्डरला वेगळी विकता येणार नाही. आणि लिहून घेतलेलं? ते बंधनकारक नाही.

२०१६ च्या रेरा कायद्याने मग गॅरेजची व्याख्याच करून टाकली: वर छप्पर, तीन बाजूंना भिंती. उघड्यावरचं पार्किंग कॉमन. पण गंमत बघा, महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत स्टिल्ट आणि बेसमेंट 'कव्हर्ड पार्किंग' या नावाने विक्रीत परत आले!

मग नव्या तक्रारी. पार्किंग मिळालं, पण मध्येच बीम, गाडीचं दार उघडेना. म्हणून २०२४ मध्ये महारेराने सांगितलं, पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं ठिकाण करारासोबतच्या जोडपत्रात लिहायचं. बुकिंगला जाणार असाल तर ते पान आधी मागून घ्या, आणि स्वतःच्या गाडीची रुंदी मोजून जा. आरशांसकट.