चेटपेटच्या बाकावर, 1957

साल 1957. मद्रासच्या चेटपेट भागातल्या क्षयरोग केंद्रात तुम्ही बाकावर बसला आहात. छातीच्या फोटोत पोकळी दिसली आहे, बेडक्यात जंतू सापडले आहेत. तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे, सॅनिटोरियममधली खाट. मोकळी हवा, पोटभर सकस जेवण आणि महिनोन्‌महिने विश्रांती मिळाली तरच क्षयाचा माणूस उठतो, असं सगळं जग मानतं. इकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्येही रुग्ण याच आशेने येतात.

पण देशात रुग्ण लाखोंनी आहेत आणि खाटा फारच थोड्या. म्हणून या केंद्राचे डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धीट प्रश्न हाती घेतला आहे. आयसोनियाझिड आणि पास ही औषधं वर्षभर नीट घेतली, तर खाटेमुळे रुग्णाचा आणखी किती फायदा होतो?

193 रुग्ण निवडले आहेत. कोण घरी राहणार आणि कोण सॅनिटोरियममध्ये जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरतं. तुमच्या वाट्याला घर येतं.

तुमच्या पोटात गोळा येतो. एका खोलीत बायको, चार लेकरं, म्हातारी आई. वाटतं, आपल्याला टाकून दिलं. पण निवड डॉक्टरांवर सोपवली असती, तर दया येऊन त्यांनी खंगलेल्यांना खाट दिली असती आणि धट्ट्याकट्ट्यांना घरी पाठवलं असतं. मग वर्षाअखेरचा फरक उपचारांचा की मुळात माणसांचाच, हे कधीच कळलं नसतं.

दर आठवड्याला तुम्ही औषध न्यायला येता. पासने मळमळतं, तोंडाची चव जाते. एखाद्या सकाळी न सांगता केंद्राचा माणूस दारात उभा राहतो, उरलेलं औषध मोजतो, लघवीचा नमुना मागतो. राग येतो, आणि तो येणारच. पण घरातलं औषध खरोखर पोटात जातं का, हे पाहिल्याशिवाय त्याचा गुण मोजणार कसा?

अधूनमधून तुमचा बेडका प्रयोगशाळेत जातो. तिथे काचेच्या नळीत अंड्यापासून बनवलेल्या हिरवट थरावर तो पसरतात आणि जंतू वाढतात का, याची कित्येक आठवडे वाट पाहतात. तुम्हाला कसं वाटतंय, हे त्या नळीला ठाऊक नसतं. तिच्यावर माझा विश्वास बसतो तो म्हणूनच.

काही महिन्यांनी सॅनिटोरियममधला ओळखीचा माणूस भेटतो. गाल भरलेत, अंगावर मांस आलंय. तुमचं वजन तेवढं वाढलेलं नाही. घरी खायला तितकं नव्हतंच, आणि कामालाही जावं लागलं. दोघांना शेजारी उभं केलं, तर कुणीही म्हणेल, हा बरा झाला आणि हा राहिला. डोळ्यांनी घेतलेलं हे माप फसवं आहे. जेवण माणसाला हवंच, अंगावरचं मांस खोटं नाही. पण जंतू मेले का, हे ते सांगत नाही.

वर्ष संपतं. सॅनिटोरियममधल्या 92 टक्के रुग्णांचा आजार जंतूंच्या तपासणीनुसार शमलेला, घरच्यांपैकी 86 टक्क्यांचा. थोडा फरक आहे, पण त्यासाठी लाखोंना खाटेची वाट पाहत ठेवावं इतका नाही. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो दुसरा निकाल. घरातल्यांचीही पुढे पाच वर्षं तपासणी झाली, आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या लेकराबाळांना लागण होण्याचं प्रमाण सॅनिटोरियमवाल्यांच्या घरांपेक्षा जास्त निघालं नाही. लेकरांना लागण होईल ही तुमच्या आईची रात्रंदिवसाची धास्ती इथे आकड्यांनी उतरवली.

पहिला निकाल 1959 मध्ये छापून आला आणि क्षयाचा उपचार हळूहळू जगभर खाटेवरून घरी आला. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधं मोफत मिळतात. तुमच्या घरात कुणी ती घेत असेल, तर खोकला थांबला, वजन वाढलं एवढ्यावर गोळ्या सोडू देऊ नका. ठरल्या वेळी बेडका तपासून घ्या आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत औषध चालू ठेवा.