शरण जाणे आणि संमती देणे

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाने आधी आपल्या रोजच्या मराठीकडे पाहावे. ‘अब्रू लुटली’, ‘अतिप्रसंग केला’, ‘विनयभंग झाला’ असे आपण वर्षानुवर्षे छापत आलो. त्या बाईला काय नको होते, हे यातला एकही शब्द सांगत नाही. अब्रू घराण्याची, विनय समाजाने तिच्याकडून अपेक्षिलेला. बलात्काराची कायद्यातली व्याख्या मात्र १८६० च्या दंड संहितेपासून ‘इच्छा’ आणि ‘संमती’ या दोन शब्दांवर उभी आहे. बोली आणि कायदा यांतले हे अंतर न्यायालयातही शिरते, म्हणून ते आधीच ओळखलेले बरे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ सात परिस्थिती सांगते. पहिल्या दोन सारख्याच वाटतात: इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय. पण झोपेतल्या बाईचा विचार करा. तिने नकार दिलेला नाही, तरी संमतीही दिलेली नाही. उरलेल्या बहुतेक परिस्थितींत संमती दिसते पण ती पोकळ असते किंवा मोजलीच जात नाही: मरणाच्या वा इजेच्या भीतीने दिलेली, नशेत दिलेली, अठरा वर्षांखालील मुलीची.

या विषयाचे मर्म मला देसाईगंजच्या खटल्यात दिसते. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. तिचे नाव मी लिहीत नाही. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि एक मोलाचा भेद केला: भीतीने हतबल होऊन देह स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. रात्री, पोलीस ठाण्यात, समोर गणवेश असताना तिने कोणाला हाक मारायची होती, हा प्रश्न त्या निकालात नीट विचारलेलाच नाही. हा निकाल चूक होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या अत्याचारासाठी नवे गृहीतक आणले: संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे तिने साक्षीत सांगितले, तर न्यायालय तसेच मानेल. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच आली. ती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी, त्या विशिष्ट कृतीसाठी हवी. आणि केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती मानता येणार नाही. नागपूरचा तो भेद अखेर कायद्यात आला.

बचावाचा अभ्यासही तितक्याच गांभीर्याने करावा लागतो. त्याला आरोपीची तरफदारी समजू नये. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच असतो आणि तो तसाच राहायला हवा. सचोटीचा बचाव घटनेबद्दल बोलतो: ओळख चुकली, प्रसंग घडलाच नाही, संमती होती. तिचा पूर्वेतिहास हा बचाव नव्हे. संमतीच्या प्रश्नावर तो गैरलागू आहे, असे कायदा म्हणतो. सर्वांत अवघड जागा लग्नाच्या आश्वासनाची. प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१९ च्या निकालाने मोडलेले वचन आणि मुळातच खोटे वचन यांत फरक केला. आश्वासन देतानाच ते पाळायचे नव्हते का, आणि तिचा निर्णय थेट त्यावरच अवलंबून होता का, हे पाहायचे. आता न्याय संहितेच्या कलम ६९ ने अशा फसवणुकीला वेगळा गुन्हा केले आहे.

पतीने पत्नीशी केलेला संबंध बलात्कार मानायचा नाही, हा विवाहाचा अपवाद अजून कायद्यात आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली पत्नीच्या वयाची मर्यादा पंधरावरून अठरावर नेली, पण प्रौढ पत्नीपुरता तो तसाच राहिला. संमती हाच पाया मानला तर या अपवादाला मला आधार सापडत नाही.

वाचकाला एकच विनंती: पुढची प्रकरणे उघडण्याआधी देसाईगंज खटल्याची दोन्ही निकालपत्रे मिळवून शेजारी ठेवून वाचा. आधी नागपूरचे, मग दिल्लीचे.