दिवा बारीक करण्याचा इतिहास

सेलूच्या आमच्या जुन्या घरात रात्री निजानीज झाली की आजी एवढेच म्हणे, "दिवा बारीक कर रे." कंदिलाच्या बाजूची चक्री थोडी उलटी फिरवली की वात खाली सरके आणि ज्योत नखाएवढी होई. वाचता येणार नाही, पण रात्री उठून पाणी प्यायचे तर माठ दिसेल इतका उजेड उरे. वात फारच खाली गेली तर दिवा मालवे आणि घरभर रॉकेलचा वास सुटे. फार वर गेली तर काच काजळे आणि सकाळी राखेने ती पुसण्याचे काम आम्हा मुलांकडे येई.

हे आठवण्याचे कारण अगदी अलीकडचे आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या वृद्ध आईच्या खाटेजवळ एक बिनतारी बटण लावून दिले. एकदा दाबले की दिवा लागतो किंवा विझतो आणि दाबून धरले की हळूहळू बारीक होतो. आई खूष झाली. पण त्याच आठवड्यात रात्री दोनला वीज गेली आणि तीनला आली, तेव्हा बारीक करून ठेवलेला दिवा एकदम पूर्ण प्रकाशाने पेटला. म्हातारीने दचकून सगळ्यांना उठवले. सकाळी ती मला म्हणाली, "गुरुजी, कंदील असं करीत नव्हता." मुलाने कार्यक्रमात चूक केली असावी असे आधी मला वाटले. खरे उत्तर शोधायला मात्र बरेच मागे जावे लागले.

आधी कंदिलाकडेच पाहू. वात वरखाली करण्याची सोय असलेला आणि काचेची चिमणी असलेला दिवा स्वित्झर्लंडच्या एमे आर्गांने १७८० च्या दशकात तयार केला. पुढे रॉकेल आले, चपटी वात आली आणि दातेरी चाकाची चक्री घरोघर पोचली. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील अनेकांच्या घरी असेल. या चक्रीत तीन कामे एकत्र होती. उजेड किती हवा ते बोटाने ठरवायचे, ते वातीपर्यंत त्याच बोटाने पोचवायचे, आणि ठरलेली जागा वातीने धरून ठेवायची. म्हणजे इच्छा, निरोप आणि स्मरण हे सगळे एकाच ठिकाणी होते. विजेच्या दिव्यात ही कामे एकेक करून वेगळी झाली.

विजेचा दिवा मंद करण्याची गरज पहिल्यांदा भासली ती नाटकवाल्यांना. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला तेव्हा पुण्याला वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८१ च्या डिसेंबरात, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. सगळे नाट्यगृह मिळून सुमारे १२०० दिवे होते. विजेला लोक भीत होते. म्हणून मालक डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर येऊन एक पेटता दिवा सर्वांसमक्ष फोडून दाखवला! हे दिवे हळूहळू मंद करता येत, आणि त्यासाठी वापरलेली युक्ती होती रोधाची. दिव्याच्या वाटेत तारेचे वेटोळे घातले की विद्युतधारा कमी होते. पुढे कित्येक नाट्यगृहांत तारेऐवजी मिठाच्या पाण्याचे पिंप असे. त्यात धातूच्या दोन पट्ट्या, आणि एक पट्टी वरखाली करायची की दिवे मंद-प्रखर. पाणी तापे, वाफा येत आणि सांभाळणाऱ्याला धक्काही बसे.

(हा प्रयोग घरच्या विजेवर कोणीही करू नये. वर्गात दाखवायचे तर टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि उभी चिरलेली पेन्सिल पुरे. शिशावरून तार सरकवली की दिवा बारीक होतो. मुलांना हे फार आवडते.)

रोधाच्या पद्धतीत खोट अशी, की दिव्याला न दिलेल्या विजेचा मोठा भाग रोधातच उष्णता होऊन वाया जातो. जुन्या पंख्याच्या डबेवजा रेग्युलेटरवर हात ठेवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय दहा दिव्यांसाठी नेमलेला रोध दोनच दिव्यांवर लावला तर दिवे नीट मंद होत नाहीत.

सेलूत दिवे मंद करायला अशा उपकरणाची गरजच पडत नसे! संध्याकाळी सगळीकडे दिवे आणि मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडे आणि बल्बची तार लालसर दिसू लागे. गंमत अशी, की तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, फार वेगाने घटतो. २३० च्या जागी १८४ व्होल्ट, म्हणजे ८० टक्के मिळाले तर प्रकाश निम्म्याहूनही कमी, सुमारे ४७ टक्के होतो. वीज मात्र ७० टक्के खर्च होते. १६० व्होल्टवर प्रकाश तीस टक्क्यांच्या आत येतो आणि खर्च निम्म्याहून जास्तच राहतो. दिवा निम्मा केला की बिल निम्मे येते, असे वर्गात सांगणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत. बल्ब मंद चालवला तर जास्त टिकतो हे मात्र अगदी खरे.

विजेची ही उधळपट्टी थांबली ती अर्धवाहकांमुळे. १९५७ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर तयार झाला. तो पाण्याच्या तोटीसारखा नसून दारासारखा आहे. एकतर बंद, नाहीतर पूर्ण उघडा. आपल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी धारा शून्यावर येते. तिथे हे दार आपोआप लागते. ते पुन्हा केव्हा उघडायचे एवढेच आपण ठरवायचे. लगेच उघडले तर दिवा पूर्ण, ५ मिलिसेकंद थांबून उघडले तर प्रत्येक स्पंदाचा अर्धाच भाग दिव्याला मिळतो. तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून डोळ्याला फडफड दिसत नाही. असे दोन थायरिस्टर उलटसुलट जोडल्यासारखा ट्रायॅक पुढे आला आणि पंख्याचा रेग्युलेटर बोटाएवढा झाला. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या जोएल स्पायरा यांनी भिंतीतल्या स्विचच्या डब्यात मावेल असा डिमर बनवला. नाटकातली सोय बैठकीच्या खोलीत आली ती अशी.

आता निरोपाचे पाहू. दुरून आज्ञा देण्याची हौस जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी आज्ञेवर चालणारी छोटी नाव दाखवली होती. घरात ही कल्पना शिरली ती दूरचित्रवाणीमुळे. रॉबर्ट ॲडलर यांच्या १९५६ च्या रिमोटमध्ये सेलसुद्धा नव्हते. बटण दाबले की आत ॲल्युमिनियमच्या कांडीवर हातोडी बसे आणि तिचा श्राव्यातीत ध्वनी संच ओळखे.

दिव्यांसाठी मात्र १९७५ साल महत्त्वाचे. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस गावी पिको इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने आपला दहावा प्रकल्प हाती घेतला, म्हणून त्याचे नाव एक्स-१०. निरोपासाठी वेगळी तार नको, घरातली विजेची तारच वापरावी, ही त्यामागची कल्पना. धारा शून्यावर येते त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटासा स्पंद सोडायचा. स्पंद आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. सोळा घरखुणा आणि सोळा दिवाखुणा, मिळून २५६ पत्ते. आज्ञा मोजक्याच: लाव, विझव, मंद कर, वाढव, अशा. १९७८ मध्ये ही साधने अमेरिकेत दुकानांतून विकली जाऊ लागली.

या योजनेत एक उणीव होती. निरोप साध्या पोस्टकार्डासारखा जाई, पोच येत नसे. मिक्सर चालू असेल आणि त्याच्या गोंगाटात स्पंद हरवला तर बटणाला पत्ताही लागत नसे. नंतरच्या झिगबीसारख्या बिनतारी पद्धतींत पोचपावतीची सोय झाली.

आज विद्यार्थ्याने लावले तसले बटण "दिवा बारीक कर" असे सांगतच नाही. ते म्हणते, "मला दाबले" आणि "मला सोडले." अर्थ लावणे कार्यक्रमाचे काम. तो कार्यक्रम साध्या मराठीत असा: दाबल्यावर पहिले २० मिलिसेकंद दुर्लक्ष कर, कारण धातूची पट्टी थरथरते आणि एक दाब चार दाबांसारखा दिसतो. अर्ध्या सेकंदाच्या आत सुटले तर लागलेला दिवा विझव, विझलेला लाव. दाबलेलेच राहिले तर पायरीपायरीने उतरू लाग. सुटले की थांब. पुढच्या वेळी धरले तर उलट दिशेने जा.

पायऱ्या समान ठेवल्या तर काम बिघडते. शंभरावरून नव्व्याण्णववर आलेले डोळ्याला कळत नाही, पण दोनवरून एकवर आलेले धक्क्यासारखे जाणवते. डोळा फरक मोजत नाही, प्रमाण मोजतो. फेख्नर यांनी १८६० मध्ये हे सूत्रात मांडले होते. म्हणून खाली जाताना पायऱ्या लहान करीत न्याव्या लागतात. आणि "सोडले" हा निरोप वाटेत हरवला तर? दिवा उतरतच राहील. म्हणून तळाची एक पातळी ठरवून द्यावी लागते.

हे सगळे त्या मुलाने बरोबर केले होते. मग रात्री तीनला काय झाले? आजचा एलईडी दिवा मंद होतो तो आतल्या छोट्या मंडलामुळे. त्यासाठी भिंतीवरचा स्विच कायम चालूच ठेवावा लागतो. आता वीज गेली काय आणि कोणी भिंतीवरचा स्विच बंद केला काय, दिव्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पुरवठा तुटला, एवढेच त्याला कळते. भिंतीवरचा स्विच लावणाऱ्या माणसाला ताबडतोब उजेड हवा असतो, या समजुतीने कारखान्यातच दिव्याला शिकवलेले असते, की पुरवठा आला की पूर्ण पेट. जिथे वीज क्वचितच जाते तिथे हे ठीक आहे. आमच्याकडे ती जातच असते.

त्या दिव्याच्या मांडणीत "पुरवठा आल्यावर काय करावे" असा एक पर्याय होता, तो आम्ही दोघांनी शोधून काढला: पूर्ण, विझलेला, की आधीचीच पातळी. आम्ही तिसरा निवडला. मग मुख्य स्विच दोन-तीनदा बंद-चालू करून पाहिला. दरवेळी दिवा बारीकच उगवला. म्हातारी खाटेवरून पाहत होती. तिने विचारले, "आणि हे बटणच हरवलं तर?"