बागलाणचा काळा पाषाण आणि एक करडी पूड

१/ सटाणा आरम नदीकाठी वसले आहे. आरम आणि मोसम या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत नांदली. बंधाऱ्याने पाणी अडवावे, पाटाने शिवारात आणावे आणि पाटकऱ्याने ते पाळीपाळीने द्यावे, अशी तिची रीत होती. पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून ते वाटून घेता येत होते.

२/ भूगर्भातील पाणी मात्र बेसाल्टच्या थरांत दडलेले होते. पहार, घण आणि सुरुंग यांच्या बळावर विहीर किती खोल जाणार? हे बंधन मोडले ते टंगस्टन कार्बाइडच्या पुडीने.

३/ १८९० च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनी विद्युत भट्टीत हे संयुग मिळवले. ते अत्यंत कठीण होते, पण ठिसूळही होते. १९२३ मध्ये जर्मनीत ओसरामच्या कार्ल श्रोटर यांनी या पुडीत कोबाल्ट मिसळून ती दाबली व तापवली. तेव्हा तिला चिवटपणा आला. क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नावाने बाजारात आणला.

४/ ही मिसळण होते बॉल मिलमध्ये. फिरत्या पिंपातील कठीण गोळे पुडीवर सतत आदळतात. कण जितके बारीक, तितके हत्यार कठीण. एरवी टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयोगासाठी सुमारे १,४०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. उच्च-ऊर्जा दळणात मात्र दोन्ही पुडी दीर्घकाळ वेगाने दळल्या, की आघातांच्या बळावरच कार्बाइड तयार होऊ शकते. गोळ्यांची झीज पुडीत मिसळते, म्हणून गोळे आणि भांडेही अनेकदा कार्बाइडचेच वापरतात.

५/ १९६० मध्ये स्वीडनची सँडविक कंपनी पुण्यात आली आणि कार्बाइडची हत्यारे महाराष्ट्रात घडू लागली. १९६७ च्या सुमारास युनिसेफने हवेच्या दाबावर खडक फोडणारी छिद्रणयंत्रे भारतात आणली. त्यांच्या पोलादी बिटमध्ये कार्बाइडचे दाणे बसवलेले असतात, आणि खडकावर घाव बसतो तो या दाण्यांचा. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरचे यंत्र गावोगाव ओळखीचे झाले.

६/ तहानलेल्या गावांना त्याने पाणी दिले, हे निर्विवाद. परंतु फडाची पाळी सारे मिळून ठरवीत, बोअरची खोली मात्र ज्याची त्याने ठरवली. अखेर २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आणले. पूर्वी जी मर्यादा खडक घालीत होता, ती आता कायद्याला घालावी लागली.